थकलेली विहीर आणि निमगावचा सोडा

मोरगावची उजाड रानं मागे पडली आणि बारामतीच्या अलीकडे ऊस दिसू लागला, तसा एसटीत माझा जीव हलका झाला. मी समुद्रातल्या तेलविहिरीवर इंजिनियर. चोहीकडे पाणी, प्यायला घोट नाही, अशी नोकरी! यावेळी मात्र कामच माहेरी निघालं होतं.

आमची जुनी विहीर थकली होती. खडकात अडकलेलं तेल वर येईना. खाली कार्बन डायऑक्साइड दाबला, तर तो तेलात मिसळून त्याला पातळ करतो, वर ढकलतो. हाच गॅस इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात, मळीपासून (साखर काढून उरलेला काळा पाक) अल्कोहोल करताना निघतो. तो मिळाला नाही, तर विहीर बंद होणार होती.

कारखाना पाहून निमगाव केतकीच्या आठवडी बाजारात उतरले. शब्बीरचाचांची गोटी सोड्याची गाडी जागेवरच होती! बाजार आटोपल्याशिवाय सोडा नाही, ही माझ्या वडिलांची रीत. लहानपणी त्यांची पिशवी भरेपर्यंत मी गाडीकडे टक लावून असे.

"चाचा, ओळखलंत?"

"व्हय की! ढेकर आला की लाजून बापामागं लपायचीस."

त्यांनी गोटी दाबली. पहिल्याच घोटाला वडील आठवले आणि डोळे भरून आले.

"गॅस कुठनं आणता?"

"कारखान्यातनंच. उन्हाळ्यात गाळप बंद, गॅस कमी. तरी हितल्या सोडावाल्यांना आधी देत्यात. लांबनं आणायचं म्हटलं तर परवडत न्हाय, गाडी बंदच की."

मग मी कशासाठी आले, ते सगळं सांगितलं.

"उन्हाळ्यातला बी नेणार?"

"विहिरीला मधी खंड चालत न्हाय, चाचा." माझी भाषा आपोआप घरची झाली होती.

त्यांनी फडक्यानं हात पुसले. "मग ने, पोरी. तुझं बी पोट हाय." आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

परतताना पळसदेवला उजनी धरणाचं पाणी ओसरलेलं दिसलं, जुनं देऊळ उघडं पडलं होतं. दुसऱ्यांच्या शेतांसाठी हे गाव पाण्याखाली गेलं. बस पुढे गेली तरी मी मागेच बघत होते.

मुंबईत साहेबांना सांगितलं, "उन्हाळ्यात गॅस आधी तिथल्या लोकांचा. उरेल तो आपला."

"तेवढ्यानं भागणार नाही. विहीर बंद करावी लागेल."

"हो."

त्याच विहिरीवर मी काम शिकले, माझं तरुणपण तिथंच गेलं. तिला वाचवायला मी गेले होते आणि तिला नाही म्हणणारीही मीच निघाले.