पहिल्या उडीलाच परत वर जायचं होतं

गेल्या महिन्यात मी एक विमान आपटलं... मी धडधाकट आहे, म्हणूनच हे आज हसत लिहितेय.

मी डिचोलीजवळच्या मुळगावची. घाटावरच्या एका फ्लाईंग क्लबमध्ये पायलटचं ट्रेनिंग घेतेय. त्या सकाळी माझं चौथं सोलो होतं, म्हणजे दोन सीटच्या छोट्या विमानात मी एकटी आणि इन्स्ट्रक्टर मॅडम खाली उभ्या.

उतरताना वेग जरा जास्त राहिला. चाकं टेकली आणि विमान चेंडूसारखं वर उसळलं... अशा वेळी इंजिनाला पूर्ण पॉवर द्यायची आणि परत वर जायचं, हे आमच्याकडून घोकून घेतलेलं असतं. मी मात्र घाबरून नाक खाली दाबलं.

दुसरी उडी आणखी उंच गेली. तिसऱ्यांदा पुढचं चाक आधी आपटलं आणि मोडलं. विमान नाकावर घसरत गेलं, पंखा डांबराला घासून वाकला आणि सगळं एकदम शांत झालं.

इंधन बंद, मेन स्विच बंद, पट्टा सोडला, बाहेर. एवढं मात्र हातांनी बरोबर केलं. मॅडम धावत आल्या. मी म्हटलं, "मॅडम, विमान..." त्या म्हणाल्या, "विमानाचं नंतर बघू. तुला कुठे लागलंय ते सांग आधी."

कुठेच लागलं नव्हतं. चौकशी होईपर्यंत माझं उडणं बंद झालं. घरी फोनवर फक्त 'सुट्टी आहे' सांगितलं... पण बॅगेत मी सगळे कपडे भरले होते. परत यायचंच नाही, असं मनात पक्कं झालं होतं.

म्हापशाच्या स्टँडवर पप्पा टेम्पो घेऊन आले होते. पूर्वी ते खाणीवर टिपर चालवायचे, आता मालवाहू टेम्पो चालवतात. अस्नोडा आल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

पप्पांनी टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला.

"तुका लागलं नाय मगे?"

"नाय."

"मागीर पुरो," म्हणाले. म्हणजे मग झालं तर. मग त्यांनी विचारलं, "पण बाय, पयल्या उडीलाच पॉवर देऊन परत वर का नाय गेलीस गो?"

उसळल्यावर परत वर जायचं असतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं... विचारलं तर थोडे ओशाळले. मी ट्रेनिंगला गेल्यापासून ते रोज जेवल्यावर मोबाईलवर छोट्या विमानांच्या लँडिंगचे व्हिडिओ बघत होते. इंग्रजी कळत नाही, म्हणून आवाज बंद करून.

मला आधी हसू आलं आणि मग रडू. रडतच म्हटलं, "मी आता परत जाणार नाय."

"नको जाऊ," पप्पा म्हणाले. "पण तुझं काय चुकलं ते तुला कळलंय. ज्याला कळलं नाय, त्याने घरी बसावं." आणि त्यांनी टेम्पो सुरू केला. त्यानंतर घरी या विषयावर एक शब्द काढला नाही.

दहाव्या दिवशी मी स्वतःच बॅग भरली.

परत गेल्यावर चौकशी संपली, मग मॅडमनी शेजारी बसून इतकी लँडिंग करून घेतली की मोजणं सोडून दिलं. परवा पुन्हा सोलो मिळालं... आणि चाकं टेकताच विमान पुन्हा उसळलं. या वेळी हाताने थेट पॉवर पुढे ढकलली. वर गेले, एक फेरी मारली आणि दुसऱ्यांदा अलगद उतरले. मॅडम खालून बघत होत्या. जवळ आल्यावर म्हणाल्या, "आज मला तुझ्या उतरण्यापेक्षा तुझं न उतरणं जास्त आवडलं."

संध्याकाळी घरी फोन केला. पप्पा सगळं ऐकून फक्त "बरं केलंस" म्हणाले. पण आज आईकडून कळलं, काल सकाळी पाव विकायला आलेल्या पोदेराला दारात उभं करून त्यांनी हाताचं विमान केलं आणि परत वर कसं जायचं ते नीट समजावलं. तोवर त्याचे उंडे पाव थंड झाले म्हणे...

माझी चूक तोंडावर सांगणारी आणि तरीही माझ्यावर भरवसा ठेवणारी माणसं मला मिळाली. बाकीचं शिकता येतं.