कोठीमागचा नाग

मला सापाची भीती वाटते, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. ते खरं नाही. भीती साप दिसतो तेवढ्यापुरती असते. तो गेला की ती जाते. माझ्याकडे राहते ती किळस. ज्या फरशीवरून तो सरकत गेला त्या फरशीवर नंतर मला अनवाणी पाय ठेववत नाही. ज्या दुलईत तो शिरला असेल ती धुऊन, उन्हात तापवूनसुद्धा अंगावर घेववत नाही. आणि त्याचा वास. सापाला वास नसतो असं लोक सांगतात. त्यांनी कोंडलेल्या जागेतला साप जवळून हुंगलेला नसतो. ओलसर गोणपाट, त्यात सडलेली काकडी, असा काहीतरी तो वास आहे. जेवायला बसल्यावर तो आठवला की माझा घास तोंडातच फिरतो.

माझं माहेर श्रीरामपूरचं. स्टेशनपासून जवळच पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, त्यात आमची एक. वडील बाजार समितीत हमाली करायचे. तिथे घुशी होत्या, झुरळं होती, गटारीचे डास होते, पण साप नव्हता. साप म्हणजे पुस्तकातलं चित्र. बारावीनंतर लग्न झालं आणि मी काष्टीच्या पलीकडे, माळावरच्या वस्तीवर आले. कालव्याचं पाणी खालच्या अंगाच्या शिवारात फिरतं, आमच्या माळापर्यंत ते चढत नाही. त्यामुळे इथे मुरूम, बोरी-बाभळी आणि पावसाळ्यानंतर लगेच पिवळं पडणारं गवत. उन्हाळ्यात साऱ्या माळावर ओलाव्याची जागा म्हणजे आमची न्हाणी, पाण्याचा माठ आणि कूलरची खालची बाजू. जे जे जिवंत आहे ते सगळं तिथे येतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. लग्नाला आठवडा झाला नसेल, त्यांनी मला चुलीपुढून उठवलं आणि विचारलं, "तुला फुडं शिकायचं हाय का?"

मी मान हलवली.

"मग त्वांडानं बोल की. मान काय हालवती नंदीबैलावानी. शिकायचं आसंल तर शीक, भाकरीचं मी बघती."

त्यांनी ते बघितलं. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले. माझ्या माहेरी आणि सासरी मिळून पदवीचा झगा अंगावर घातलेली मी पहिली. आज मी शाळेत शिकवते ते त्या बाईच्या भाकरीवर. हे आधीच सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मी आत्यांच्या विरुद्ध उभी होते, आणि हे ऋण आठवून प्रत्येक वेळी माझं तोंड बंद व्हायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात मी दुलयांच्या ढिगातून एक दुलई ओढली आणि तिच्याबरोबर काहीतरी पातळ, कोरडं माझ्या मनगटाला चिकटून आलं. कांद्याच्या सालीसारखं. ती सापाची कात होती, डोळ्यांच्या जागेसकट. मी हात झटकत अंगणात धावले. आत्यांनी ती कात अलगद उचलली, डोक्याला लावली आणि लक्ष्मी येते म्हणून पत्र्याच्या पेटीत, माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवून दिली. तो शालू मी परत नेसले नाही.

न्हाणीत एकदा धामण निघाली. तिच्या तोंडात अर्धा बेडूक होता. मागचा अर्धा बाहेर, आणि त्याचे पाय अजून पाणी मारल्यासारखे हलत होते. मी अंगावर साबण तसाच ठेवून बाहेर आले. दुसऱ्या वर्षी गोवऱ्यांच्या ढिगात फुरसं सापडलं. वेटोळं घालून ते अंग अंगावर घासत होतं आणि आवाज येत होता कढईत भजी सोडल्यासारखा. आमच्या यांनी ते खोऱ्याने ठेचलं. डोकं उरलं नव्हतं, तरी शेपूट बराच वेळ वळत राहिलं, आणि मग त्याला मुंग्या लागल्या. तेव्हापासून तळणीचा आवाज मला नको होतो.

हे सगळं मी सहन केलं, कारण हे येणारे-जाणारे होते. कोठीमागचा नाग राहायलाच होता.

पडवीच्या कोपऱ्यात बाजरीची पत्र्याची कोठी आहे. तिच्या मागे भिंतीच्या बुडाला जुनं मातीचं बांधकाम आहे आणि त्यात एक बीळ होतं. त्या बिळात नाग आहे हे मी येण्याच्या आधीपासून घरात माहीत होतं. आत्या रोज दिवेलागणीच्या आधी तिथे वाटीभर दूध ठेवायच्या. सकाळी वाटी रिकामी. त्या नागाला दादा म्हणायच्या.

आत्यांना भाऊ नाही. पाठचा एक होता, तो लहानपणीच गेला. आईवडील गेल्यावर माहेरचं दारही बंद झालं. आमच्याकडे पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात आणि नागाला भाऊ मानतात. बाकीच्या बायका हे एक दिवस मानतात. आत्या वर्षभर मानायच्या. त्यांना कुणी माहेर विचारलं तर हसत कोठीकडे बोट करायच्या.

माळकरी बाई. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही. एकदा मी म्हटलं, "आत्या, साप दूध पीत नाही. आम्हाला शिकवलंय कॉलेजात. तो उंदीर-बेडूक खातो."

"ती धामनी खात्यात," आत्या म्हणाल्या. "नाग द्येव हाय. त्यो दुधाव आसतो. तुझ्या कालीजातल्या मास्तराला इचार, त्यानं कदी वाटी ठिवली व्हती का?"

वाटी तर रोज रिकामी होत होती.

मग आम्हाला मुलगी झाली. ती पालथी पडायला लागली, पुढे सरकायला लागली, आणि माझा जीव त्या कोठीला टांगला गेला. रांगायला घरात जागा म्हणजे पडवीच. आतल्या खोलीत मांडामांड, बाहेर अंगणात काटे. मी आत्यांना सांगितलं, नाग आहे तोवर माझी मुलगी जमिनीवर उतरणार नाही. मी शाळेत गेले की दिवसभर त्या तिला कडेवर घेऊन फिरायच्या. कंबर धरली की झोळीत टाकायच्या, ती रडली की पुन्हा कडेवर. मी घरी यायचे तेव्हा त्या एका अंगाला वाकून उभ्या असायच्या. मुलीचे गुडघे मऊच राहिले. तिच्या वयाची मुलं उंबरे ओलांडायला लागली होती.

काष्टीत एक मोबाईल दुरुस्तीचा दुकानदार साप पकडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. मी यांना म्हटलं, "आईंना सांगा ना. फोन करू त्याला."

हे कांद्याचा टेम्पो चालवतात. निम्मा वेळ रस्त्यावर. म्हणाले, "तू सांग. तुझं ऐकती ती."

"तुमची आई आहे."

"म्हणून तर माझं ऐकत न्हाई."

मी आत्यांकडे गेले. त्या मुलीला खांद्यावर थोपटत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "मला ठावं हाय तू काय बोलनार. माझ्या भावाला घराबाहेर काड म्हनशीन. मी तुला कदी काय मागितलं का गं?"

खरंच काही मागितलं नव्हतं. मुलगी तशीच कडेवर राहिली.

एका रविवारी, ऊन उतरल्यावर, आम्ही तिघी पडवीत होतो. मी मेथी निवडत होते, मुलगी माझ्या मांडीत. आत्यांनी वाटी ठेवली आणि बाजेवर बसून जपाची माळ ओढायला घेतली. एरवी वाटी ठेवली की त्या उठून जायच्या, देवाला जेवताना बघू नये म्हणून. त्या दिवशी कंबरेने उठवेना.

कोठीच्या खालून एक उंदीर आला. चांगला पोसलेला. त्याला आमची काही पर्वा नव्हती. त्याने पुढचे दोन्ही पाय वाटीत ठेवले आणि तो दूध प्यायला लागला.

"हाड्!" आत्या म्हणाल्या. तो हललाही नाही. मिश्या दुधात बुडवून पीत राहिला. त्याच्या मागून आणखी एक आला, मग एक पिल्लू. तेव्हा मला कळलं, वाटी रोज कोण रिकामी करत होतं. ती वाटी आमच्याच भांड्यांत घासली जायची.

"आत्या, हे बघा."

"गप," त्या पुटपुटल्या. त्यांची नजर माझ्याकडे नव्हती. बिळातून नाग बाहेर आला होता. काळपट गव्हाळ, मनगटाएवढा जाड. आत्यांनी माळेसकट हात जोडले. "आला. बघ आला. दुधाला आला."

त्याने फडा काढला नाही, डोललाही नाही. वाटीतल्या उंदराला एकदाच तोंड मारलं. वाटी उपडी झाली, बाकीचे उंदीर पळाले. उंदीर सांडलेल्या दुधात पाय झाडत फिरला आणि आडवा झाला. नाग थांबला. मग जवळ येऊन त्याने उंदराचं डोकं तोंडात घेतलं. त्याचा जबडा दोन्ही बाजूंनी सुटा होऊन पुढे सरकत होता, एकदा डावा, एकदा उजवा. ओली लव दुधाने चिकटली होती. घशात आवाज होत होता, बारीक, चिकट. शेवटी नुसती शेपटी बाहेर राहिली. गिळायच्या आधी ती वळवळली की काय असं वाटलं. मी मुलीचे डोळे झाकले होते. माझे झाकायला हात उरला नव्हता.

नाग फुगलेलं अंग ओढत परत कोठीमागे गेला. फरशीवर दूध, त्यात रक्ताचा एक धागा आणि उंदराने जाता जाता केलेली घाण.

आत्यांनी गळ्यातली माळ मुठीत धरली होती.

"माझ्या दुधात," त्या म्हणाल्या. "रोज मीच बोलावती व्हय गं उंदरं? आन् उंदरामागं त्यो?"

मी मुलीला उचलून कडेवर घेतलं.

"लाव फोन," आत्या म्हणाल्या. "त्या मोबाईलवाल्याला. आत्ताच्या आत्ता."

मोबाईलवाला तासाभरात मोटारसायकलवर आला. वयाने बराच मोठा, पोट सुटलेला, बोलका. हातात आकडा, काखेत प्लास्टिकची बरणी. कोठी सरकवून त्याने बीळ उकरलं आणि शेपटीला धरून नागाला बाहेर ओढलं. पडवीभर तो वास सुटला. बरणीत जाता जाता नागाने अंग आवळलं आणि तो उंदीर ओकून टाकला. लांबट झालेला, केस चापलेले, पांढऱ्या फेसात गुंडाळलेला. मी मुलीला घेऊन अंगणात पळाले आणि बोरीखाली ओकले.

परत आले तर त्या माणसाने बरणी उंच धरली होती, दुसऱ्या हातात फोन.

"मावशी, जरा बाजूला व्हा. व्हिडिओत येताय तुमी."

"जाळ लावला तुझ्या व्हिडोला," आत्या म्हणाल्या. "त्येचं झाकान लाव आदी. गुदमरंल."

"भोकं हायेत मावशी झाकणाला."

"कुटं सोडनार?"

"वनखात्याच्या रानात. पार डोंगराकडं."

"पानी हाय का तितं?"

"हाय की. पाणवठा केलाय."

तो गाडीला किक मारायला लागला. आत्या त्याच्यामागे अंगणाच्या कडेपर्यंत गेल्या. पदर तोंडावर धरलेला, वासाने की कशाने, मला सांगता येणार नाही.

"आन् उंदरं?" त्यांनी विचारलं.

"आँ?"

"उंदरं हायती का तितं, म्हन्ते मी."

"लई," तो म्हणाला आणि गेला.

मी ती फरशी फिनेलने धुतली, मग निरम्याने, मग पुन्हा फिनेलने. आत्यांनी ओकलेला उंदीर पत्र्याच्या तुकड्यावर घेऊन लांब नेऊन पुरला. मी होऊन तो उचलला नसता. यांनी रात्री आल्यावर बिळात काचेचे तुकडे भरून सिमेंट थापलं आणि "आधीच करायचं हे," असं म्हणून जेवायला बसले. आत्यांनी डोक्यावरून आंघोळ केली. जेवल्या नाहीत. मला वाटलं, सुतक धरतात की काय. भीत भीत विचारलं.

"मेल्याचं सुतक धरत्यात," त्या म्हणाल्या. "त्यो गेलाय."

सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा आत्या पडवीत फतकल मारून बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या ओल्या सिमेंटला पाठ लावून. मुलगी अजून त्यांच्या मांडीत होती.

"सोडू का खाली?" त्यांनी विचारलं. इतके दिवस ज्या बाईने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, तिने माझ्याच मुलीसाठी परवानगी मागितली. नाकाशी तो कुजका वास आला. फिनेलखालून अजून येतच होता.

"सोडा," मी म्हटलं.

त्यांनी तिला फरशीवर ठेवलं आणि स्वतःचे दोन्ही पाय लांब पसरले, कोपऱ्याच्या आडवे, कुंपणासारखे. मुलगी थोडी डगमगली, मग हातावर जोर देऊन पुढे आली. थांबली, फरशीवरचा तळवा उचलला आणि सगळी बोटं तोंडात घातली. मी तिला उचलायला वाकले.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. "तुझी यष्टी जाईल. माझ्या पायापल्याड जात न्हाई ती."