निवडीत न आलेली गाणी

अमळनेर स्टेशनवर सुरत पॅसेंजर लागली होती आणि मोठे बाबा खिडकीच्या गजांतून कापूस आत कोंबत होते. मूठभर नाही, चांगली पिशवीभर. आपल्याच शेतातला, सरकी काढलेला. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते स्वतः तीन वर्षं सुरतेत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवून परत आले होते, कारण शेत बघायला कुणीतरी हवं होतं. आता त्यांच्या जागी अप्पा, माझे वडील, निघाले होते. "रोज नवा बोळा घालजो कानात," मोठे बाबा ओरडून सांगत होते. "मन्हं ऐक. लूम कान खाई टाकस!" अप्पांनी मान हलवली. मी आठ वर्षांचा होतो. आईच्या मांडीवर दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, पिठाचा डबा होता आणि गाडी हलली तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "शिकजो. दुसरं काही मांगत नही."

शिकलो. बी.एस्सी. केमिस्ट्री. आपल्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे मुद्दाम लिहितो, कारण मला त्याचा अभिमान आहे. आज सुरतेजवळ हजीऱ्याच्या एका प्लँटमध्ये लॅबला आहे.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. फोनवर आम्ही तेच सांगत आलो. आज उरलेलं सांगतो.

सुरतेबाहेर कडोदऱ्याला आमची खोली कारखान्याला चिकटून होती. भिंतीपलीकडे अठ्ठेचाळीस लूम. ताटातली वाटी आपोआप सरकायची. कारखान्यात बोलून कुणालाच ऐकू जात नसे, म्हणून सगळे कारीगर हातांनी बोलत. वाकवलेला अंगठा ओठाकडे नेला की चहा. दोन बोटांची कात्री दाखवली की तार, म्हणजे मागावरचं सूत, तुटली. चिमटी फिरवली की गाठ मारतोय. डोक्यावर मूठ गोल फिरवली की पाळी सुटली, चल घरी. पण तार तुटलेली असेल तर अप्पा घरी येत नसत. तुटलेली तार पुढच्या पाळीच्या माणसावर टाकून निघायचं नाही, असा त्यांचा नियम. आई जेवण झाकून बसायची आणि चिडायची. "लूमसंगेच लगीन करानं व्हतं मंग!"

कापसाचं काय झालं? त्याची उशी झाली. अप्पांनी एक दिवसही बोळा घातला नाही. लूम बिघडायच्या आधी आवाज बदलतो, आणि तो ज्याला कळतो तोच खरा कारीगर. कान बंद केले तर त्याचं कसब काय राहिलं? फोनवर मोठे बाबा विचारायचे, "कापूस घालस ना?" अप्पा म्हणायचे, "घालस, घालस."

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एका गुजराती मित्रानं मला एक सीडी दिली. एका विलायती हेवी मेटल गायकाची गाजलेली गाणी, एकाच तबकडीत चौदा. कव्हरवर केस सोडलेला, चामड्याचं जाकीट घातलेला माणूस, तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी. वर्गातल्या पोरांनी कानांवर हात ठेवले. मी मात्र ऐकत राहिलो. इंग्रजी निम्मं कळत नव्हतं, पण ढोल कळत होता. त्या कॉलेजात मला सारखं वाटायचं की आपण चुकून आत आलोय. त्या दिवशी पहिल्यांदा घरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

जुना, मोठ्या खोक्याचा स्पीकर आणून घरी सीडी लावली. आई पोळपाट सोडून आली. "हे गानं शे, की शेठनं नवा लूम बसाडा?"

अप्पा उठून स्पीकरपाशी आले. त्यांनी खोक्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "हाऊ कारीगर चांगला शे. ठोका चुकत नही." चौथ्या गाण्यात ढोलवाला दमतो, हेही त्यांनी ओळखलं. मला कौतुक वाटलं. अकरावं गाणं हळू आहे, नुसती गिटार आणि गायकाचा आवाज. अप्पांनी हात उचलला आणि विचारलं, "बंद पडनं का?"

गाणं चालू होतं. मी ग्रॅज्युएट व्हायला निघालेला पोरगा, पण तेव्हाही मला कळलं नाही. त्यांना सूर आवडला नसेल, एवढंच वाटलं. आपला बाप तळहातानं ऐकतो आहे, हे उमगायला पुढे आणखी दोन वर्षं गेली; लूमच्या आवाजामुळे खोलीतही आम्ही निम्मं हातांनीच बोलत असू. उमगलं तेव्हा मी प्लँटमधून नारिंगी इअरप्लग घेऊन आलो. आमच्याकडे ते घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. अप्पांनी ते हातात फिरवून पाहिले आणि हसले. "आते काय फायदा?" मग गंभीर झाले. "भाऊले सांगू नको. त्यानं पिशवीभर कापूस दिधा होता."

म्हणून दर रविवारी अप्पा फोनवर सगळं ठीक असल्याची ठरलेली वाक्यं मोठ्यानं म्हणू लागले. "बठ्ठं बेस शे. पोऱ्या नोकरीले शे. पानी पडना का? बरं, ठेवस." गायकाच्या सीडीवर जशी गाजलेलीच चौदा, तशी आमची ही चार. पलीकडून काय विचारलं जात होतं ते त्यांना कळत नव्हतं, आणि मी शेजारी बसून गप्प राहत होतो. यात माझी चूक अप्पांपेक्षा मोठी आहे. मला ऐकू येत होतं.

एका रविवारी मी ड्युटीवर होतो, आई बाजारात. मोठ्या बाबांनी फोनवर सांगितलं की त्यांच्या मुलीचा, मनीषाचा, साखरपुडा ठरला आहे, काकाशिवाय बैठक होणार नाही, तू ये. अप्पा म्हणाले, "बरं. बठ्ठं बेस शे. ठेवस." आणि गेले नाहीत. तिकडे पाहुण्यांसमोर काकाची जागा मोकळी ठेवलेली, ती शेवटपर्यंत मोकळीच राहिली. नंतर मोठे बाबा फोनवर माझ्यावर कडाडले, "मी इचारस एक, तो सांगस दुसरं! शिकना तू, अन् माज त्याले वना! लगीनले येऊ नका."

तेव्हाही मी सांगितलं नाही. दिलेला शब्द, म्हणून. पण मला बसवेना. तसं मला शांत जागी कधीच बसवत नाही. गावी आलो की दुसऱ्या दिवशी मी पिठाच्या गिरणीपाशी जाऊन उभा राहतो, तुम्ही हसता. लॅबमध्ये टेबलाखाली पाय ठोका धरतो. पण ही अस्वस्थता वेगळी होती. दोन म्हातारे भाऊ एकमेकांना मुकणार होते, आणि कारण फक्त मला आणि आईला माहीत होतं.

परवा दुपारी मनीषाचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, बाबा पत्रिका वाटी राह्यनात. तुमनं नाव नही त्यात." मागे ओट्यावर मोठे बाबा पाठ करून बसलेले दिसत होते. इकडे अप्पा स्पीकरवर हात ठेवून होते, चौथं गाणं चालू होतं. मी गाणं बंद केलं, फोनचा आवाज वाढवला आणि म्हणालो, "मोठे बाबा, अप्पांना ऐकू येत नाही. मला कळून सहा वर्षं झाली."

पाठ तशीच राहिली. मग ते वळले.

"कापूस घाला नही ना त्यानं?"

"नाही."

अप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहून सगळं ओळखलं आणि खाली बघू लागले, मार खायला उभ्या असलेल्या पोरासारखे. मी फोन त्यांच्यासमोर धरला. मोठे बाबा फोनजवळ सरकले. त्यांनी हात वर केला आणि डोक्यावर मूठ गोल फिरवली. पाळी सुटली. चल घरी. लूम सोडून त्यांना वीस वर्षं झाली होती.

अप्पांचे हात लगेच उठले नाहीत. उठले तेव्हा आधी दोन बोटांची कात्री झाली, मग चिमटी फिरली. तार तुटली आहे, गाठ मारतो अन् येतो.

लग्नाला आम्ही तिघंही येतोय. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी आजही अडखळतो. खोली भाड्याची, गावची खोली मोठ्या बाबांची, मी गावी सुरतवाला आणि सुरतेत खानदेशी. पण त्या दुपारी त्या दोन हातांच्या मधोमध फोन धरून उभा होतो, तेव्हा तेवढ्यापुरता माझा पाय ठोका धरायचा थांबला होता.

अप्पांनी स्पीकरचं खोकं गोणपाटात बांधायला घेतलं आहे. भावाचा हात त्यावर ठेवून त्यांना विचारायचं आहे, चौथ्या गाण्यात कारीगर कुठे दमतो ते.