चाळीस मिनिटांचा उशीर

दादाचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर त्याने कधी लावला नाही. साडेचारला आम्ही दोघे भाऊ राजदूतांच्या बंगल्याच्या मागच्या दाराशी हजर असायचो. तिथल्या लाकडी फरशीला मेण लावायचं काम आमचं. दादाने ते तीस वर्षं केलं, मी एकोणतीस.

मेणाचे तीन हात द्यायचे, पातळ, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. शेवटच्या हातानंतर चाळीस मिनिटं फरशीवर कुणी पाय ठेवायचा नाही. घासणं कुणालाही जमतं, थांबणं जमत नाही, असं दादा म्हणायचा.

त्या दिवशी आदल्या रात्रीच्या मेजवानीमुळे जाजमं उशिरा उचलली गेली आणि आमचं काम लांबलं. अकराला पाहुणा येणार, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला माहीत होतं ते एवढंच, की नळवाला येणार आहे. आधीचा नळवाला ओल्या मेणावरून बुटांसकट चालत गेला होता आणि दादाला गुडघ्यांवर बसून सगळी खोली पुन्हा करावी लागली होती. तेव्हापासून त्याने नळवाल्याच्या दुकानात बजावून ठेवलं होतं, दुसरा माणूस पाठवा.

अकराला पाच कमी असताना मागच्या दाराशी एक अनोळखी माणूस आला. जुना काळा कोट, हनुवटीपर्यंत मफलर, हातात कापडी पिशवी.

"पुढची घंटा वाजत नाही," तो म्हणाला. "साहेबांनी बोलावलंय."

"इथे येणाऱ्या सगळ्यांनाच साहेबांनी बोलावलेलं असतं," दादा म्हणाला. "बूट काढा आणि बसा तिथे. नळ काही पळून जात नाही."

तो उपड्या बादलीवर बसला. दादाने अकराच्या ठोक्याला शेवटचा हात संपवला. त्या माणसाची भाषा तुटकी होती, पण प्रश्न नेमके होते. हात तीनच का? मेण आधी गरम का करता? गुडघ्यांखाली काय घेता? इतक्या वर्षांत दादाला असं कुणी विचारलं नव्हतं. तो सांगत राहिला. मध्येच त्या माणसाने घड्याळ पाहिलं, मग ओली फरशी पाहिली आणि घड्याळ बाहीखाली सरकवलं. ते मी पाहिलं होतं.

चाळीस मिनिटांनी दादाने बोटांची पाठ फरशीला लावून बघितली. "चला. नळ उजवीकडे."

माणूस मोज्यांवरच डावीकडे, जिन्याकडे निघाला. मफलर सोडला तेव्हा पाद्र्याची पांढरी कॉलर दिसली. जिन्यात साहेब उभे होते.

"फादर, मी अकरापासून वाट पाहतोय." साहेब दादाकडे वळले. "हे कधी आले?"

"आत्ताच, साहेब."

पाहुण्याला अडवून ठेवणाऱ्याची त्या बंगल्यातली नोकरी त्याच दिवशी गेली असती. मीही तोंड उघडलं नाही. फादरनी दादाकडे एकदा पाहिलं.

"चूक माझी," ते साहेबांना म्हणाले. "उशीर झाला."

दहा मिनिटांत ते खाली आले, बूट घातले आणि मागच्या दाराने गेले. दादाला माफी मागता आली असती. तो मेणाच्या फडक्यांच्या घड्या घालत राहिला.

आम्ही निवृत्त झालो. पुढे कितीतरी वर्षांनी ते फादर पोप झाले. साहेब निवृत्तीनंतर याच देशात राहिले होते. रविवारच्या पुरवणीत त्यांनी सांगितलेली आठवण छापून आली. सुरुवातच अशी होती: पोप माझ्याकडे चाळीस मिनिटं उशिरा आले होते. दादाने मला ती तीनदा वाचायला लावली.

"साहेबांकडे जायचं," तो म्हणाला. साहेब रेल्वेने दीड दिवसाच्या वाटेवर राहत होते. दादाचे वरचे सगळे दात पडले होते आणि कवळीसाठी त्याने घरखर्चातून बाजूला टाकलेले पैसे डब्यात होते.

"आधी दात बसवा," वहिनी म्हणाली. "मग जा खरं बोलायला."

"दात होते तेव्हा खोटं बोललो," दादा म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब वयाने फार थकले होते. दादाने उभ्यानेच सगळं सांगितलं. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"म्हणजे ते वेळेवर आले होते?" साहेबांनी विचारलं.

"पाच मिनिटं आधी."

साहेब खिडकीकडे वळले. "मी त्यांना पुन्हा बोलावलं नाही. वेळ न पाळणारा माणूस मला चालत नसे. त्यांनी दोन पत्रं पाठवली होती. मी उत्तर दिलं नाही." मग म्हणाले, "तुमच्याशी काय बोलले?"

"मेणाबद्दल, साहेब."

"माझ्याशी हवापाण्याबद्दल बोलले."

पुरवणीला दुरुस्ती कळवतो, असं साहेब म्हणाले. पुढचे सहा-सात रविवार आम्ही पुरवणी शेवटच्या पानापर्यंत पाहिली. काही आलं नाही. नंतर साहेब गेल्याचीच बातमी आली. पोपना रोमला पत्र लिही, असं दादा मला सांगायचा. मी चार वेळा बसलो. पहिल्या ओळीत 'नळवाला' लिहावं लागायचं आणि पेन थांबायचं.

दादाला जाऊन तीन वर्षं झाली. कवळी झालीच नाही. वहिनीने शेवटपर्यंत त्याचं जेवण कुस्करून दिलं. डब्यातले पैसे आमच्या दोघांच्या जाण्यायेण्याच्या तिकिटांत गेले.