लक्ष्मण मिस्त्री आणि देवळीचं सागवानी घर

बांधकामावर सहा महिने काढले की घराच्या आधी किस्सेच उभे राहतात. देवळीच्या बाजारपेठेतल्या मधुभाऊंच्या घराचे माझ्याकडे इतके आहेत, की मित्र चहाला बसले की एखादा वसूल केल्याशिवाय सोडत नाहीत. मीही हसत सांगतो. सगळे मात्र सांगत नाही.

साल अठ्ठ्याहत्तर असेल. मधुभाऊ कापडाचे व्यापारी. खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि सगळा सांगाडा सागवानी. वाळवीनं खांबांचे पाय खाल्ले होते, म्हणून समोरची बाजू उतरवून, दुरुस्त करून, पुन्हा उभी करायची होती. मी वर्ध्याचा, डिप्लोमा ताजा, देखरेखीला. सुतारकाम साठी गाठलेल्या लक्ष्मण मिस्त्रीकडे.

*

घराचं लाकूड कुठून आलं, हा मधुभाऊंचा लाडका विषय. पाहुणा अमरावतीचा असला की लाकूड मेळघाटातलं. चांद्याचा असला की आलापल्लीचं. एकदा दोन्हीकडचे पाहुणे एकाच दिवशी टपकले! मधुभाऊ गडबडून मिस्त्रीकडे पाहू लागले.

मिस्त्री रंधा न थांबवता म्हणाला, "अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. म्हणून तं आजलोक भांडत उभं हाये." पाहुणे खूश झाले.

*

त्या सांगाड्यात एकही खिळा नव्हता. तुळईचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, खांबाच्या खाचेत, आणि वरून ठोकलेली लाकडी खुंटी. मला कुठलं ठाऊक? पहिल्याच दिवशी रुबाबात विचारलं, "मिस्त्री, चार इंची खिळे किती मागवू?"

"मागवा ना साहेब. कपडे टांगाले कामी येतीन."

गडी हसले. मी नाही हसलो.

*

मिस्त्रीला लिहिता येत नव्हतं. सांधा सोडवला की तो दोन्ही लाकडांवर गेरूनं एकच खूण काढायचा. एका सांध्याला चंद्र, दुसऱ्याला बैलाचं शिंग, तिसऱ्याला विळा. मी म्हटलं, "कशाला हा पसारा? माझ्याकडे नकाशा आहे."

"असू द्या साहेब. पण हे हातानं कापेल सांधे हायेत. एकाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसत नाई."

खिळ्यांचा राग डोक्यात होताच. मी चारचौघांत सुनावलं, "विचारलं तेवढंच सांगत जा."

त्यानंतर तो तेवढंच सांगू लागला. आज आठवलं की स्वतःची लाज वाटते.

*

मधुभाऊंच्या मुलीचं लग्न ठरलं आणि व्याही घर पाहायला येणार म्हणून निरोप आला. उतरवलेली लाकडं अंगणात धुळीनं माखलेली. मी गड्यांच्या हातात सोडा आणि ब्रश दिले. मागच्या विहिरीवरून बादल्यांवर बादल्या आल्या. दुपारपर्यंत सागवान असं उजळलं, की व्याही त्यावरून हात फिरवत राहिले. मधुभाऊंनी माझी पाठ थोपटली.

व्याही गेल्यावर माझ्या लक्षात आलं. चंद्र नव्हता, शिंग नव्हतं, विळा नव्हता.

माझ्या नकाशात सगळे सांधे सारखेच. तीन आठवडे आम्ही कुसवं आणि खाचा जुळवत बसलो. मोजके सांधे जुळले. बाकीची कुसवं तासली आणि वर्ध्याहून लोखंडी पट्ट्या, बोल्ट आणून घर कसंबसं आवळलं. मधुभाऊंनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "हे असं काऊन झालं?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "माही चूक हाये, भाऊ. म्या कच्च्या रंगानं खुणा केल्या."

मधुभाऊंनी त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी बोल्ट मोजू लागलो. पुढं गावात त्याला खाटेचा पाय बसवण्यापलीकडे काम कोणी दिलं नाही.

*

वास्तुशांतीला घर उभं करणाऱ्या मिस्त्रीला शेला-नारळ द्यायची रीत. तो मान मला मिळाला. पंगतीत माझं पान वाढून झालं होतं. तसाच उठलो आणि मिस्त्रीचं घर गाठलं. तो ओसरीवर एकटाच बसला होता. शेला-नारळ त्याच्यापुढे ठेवला आणि एकदाचं बोलून टाकलं, "मिस्त्री, खुणा मी धुऊन टाकल्या."

त्यानं शेल्याची विस्कटलेली घडी नीट केली.

"माहीत हाये, साहेब," तो म्हणाला. "त्या दिवशी इहिरीवर पाणी म्याच शेंदून देऊन राह्यलतो."