चकचकराव आणि लाल दिवा

चष्म्याचं दुकान बंद झालं, तरी चकचकरावांच्या हाताची सवय सुटली नाही. काच दिसली की आधी फवारा, मग फडकं, मग नजर. न पुसलेल्या काचेकडे त्यांनी कधी पाहिलं असेल तर शपथ! बेसिनखाली बाटल्यांची फौजच उभी होती: काचेची निळी, फरशीची गुलाबी, झुरळांची काळी. शिवाय खोलीखोलीत सुगंधाचा डबा आणि अंगावर सकाळ-संध्याकाळ सेंटचा मारा.

"घर आहे की दवाखाना?" बायको विचारायची.

"घर स्वच्छ आहे हे नाकाला कळायला नको?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

सगळं झकास चाललं होतं, पण नातीला दमा निघाला. मागच्या सुट्टीत आजोळी आलेली ती पोर दुसऱ्याच दिवशी खोकत परत गेली. मुलीने फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाबा, तिकडची हवा सुधारल्याशिवाय मी तिला पाठवणार नाही." चकचकरावांचा सगळा जीव त्या पोरीत. त्यांना घास गोड लागेना. गुन्हेगार मात्र त्यांनी तिथल्या तिथे शोधून काढला: खिडकीखालचा बसथांबा.

पुराव्यासाठी त्यांनी हवा तपासायचं यंत्र आणलं. हवा चांगली तर हिरवा दिवा, वाईट तर लाल. रोज सकाळी ते यंत्र खिडकीत ठेवायचे, निळ्या बाटलीचे दोन फवारे त्याच्या काचेवर मारायचे, फडक्याने ती लखलखीत करायचे आणि मग चष्मा चढवून पाहायचे. लाल! रोज लाल! त्याचा फोटो लगेच बसच्या कचेरीत रवाना. तिथले साहेब घाबरले की कंटाळले, देव जाणे, पण थांबा चार गल्ल्या पलीकडे गेला. शेजारच्या म्हाताऱ्या गुडघे धरून तिकडे चालू लागल्या आणि चकचकराव जिंकल्यासारखे मिरवू लागले.

"आता पाठव," त्यांनी मुलीला कळवलं.

नात आईबरोबर यायची म्हणून त्या दिवशी एकही बाटली रिकामी बसली नाही. फरशीत तोंड दिसू लागलं. दार उघडताच पोर धावत आली, आजोबांना बिलगली, त्यांच्या शर्टात तिने नाक खुपसलं आणि खो-खो खोकायला लागली.

"बस चोरून येते वाटतं अजून!" चकचकराव गरजले. त्यांनी यंत्र आणलं, फस्स फस्स केलं, पुसलं. लाल. "बघ, बघ!" त्यांनी ते मुलीपुढे धरलं.

मुलगी यंत्राकडे पाहतच नव्हती. ती निळ्या बाटलीकडे पाहत होती.

बायकोने यंत्र हिसकावून घेतलं. "अहो, एकदा तरी न पुसता बघा!" नातीचा हात धरून ती खाली गेली आणि जुन्या थांब्याच्या ओस बाकावर बसली. शेजारून मोटारी जात होत्या. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला. पोरीचा खोकलाही बसला.

वर चकचकरावांनी घाईघाईने सगळ्या खिडक्या उघडल्या.

"लावा त्या! सगळं खाली येतंय!" बायको ओरडली.

खिडकीत हात तसाच ठेवून ते उभे राहिले. समोरच्या घरात कोणी कपाटाला पॉलिश करत होतं, शेजारी डासांचा फवारा चालला होता, आणि सगळ्यांच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. बसचा धूर दिसतो, म्हणून बिचारा शिव्या खातो. हा सुवासिक धूर मात्र आपण पैसे मोजून घरात आणतो आणि खिडकीतून शहरभर वाटतो.

ते खाली गेले. नातीने हसून बाकावर जागा केली, मग नाक दाबलं. "आजोबा, तुम्ही तिकडे बसा ना. त्या टोकाला."

चकचकराव त्या टोकाला बसले. चष्म्याची काच आतून ओली झाली होती. ती त्यांनी पुसली नाही.