खिळ्यावरच्या बांगड्या

फिलोमिना सिस्टर गेल्याचं मला ड्युटीवर कळलं. कपडे बदलायच्या खोलीत मी हातातल्या बांगड्या काढून खिळ्याला अडकवत होते, तेवढ्यात वॉर्डातली दुसरी आया आत आली. म्हणाली, "बोळिंजच्या आपल्या सिस्टर गेल्या गं... झोपेतच." माझा हात तसाच वर राहिला. तो खिळा सिस्टरनीच ठोकून घेतला होता.

कोरोनाच्या साथीत त्या आमच्या वॉर्डाच्या इनचार्ज होत्या आणि मी तिथली आया. घरी, जूचंद्रला, आमचे हे डायलिसिसवर. यांना हा आजार झाला तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. काम सोडून चालणार नव्हतं, म्हणून मी पडवीत वेगळी झोपायचे. आम्ही दाराआडून बोलायचो. रोगाला भ्यायचे ते माझ्यासाठी नाही, यांच्यासाठी.

किट घालायचा पहिला दिवस होता. सिस्टर दारात उभ्या राहून एकेकीचे हात बघत होत्या. अंगठी नको, नखं नकोत, बांगड्या नकोत. "काच लागून ग्लोव्हज फाटतो आणि फाटलेला कळतपण नाही," त्या सांगत होत्या. मी हात मागे लपवले. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण त्या दिवशी फुटला. "सिस्टर, मी नाय काढनार. घरात मानूस आजारी हाय."

त्यांना समजलं. आमच्यात बांगडी फुटली असंही कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. नवरा अंथरुणाला खिळलेला आणि मी हात रिकामे करायचे?

"तू आजार घरी नेलास, तर या बांगड्या त्याला वाचवतील का?" सिस्टरनी विचारलं. मी नुसती रडत होते. मागून एक पोरगी ओरडली, "मावशी, आटपा ना, किटात शिजले मी!" सिस्टर तिला म्हणाल्या, "शिज जरा. कच्चीच आहेस अजून."

मग त्यांनी मला बेसिनपाशी नेलं. माझे हात कामाने रुंद झालेले, बांगड्या कित्येक दिवसांत निघाल्या नव्हत्या. सिस्टरनी एक नवा ग्लोव्हज माझ्या हातात चढवला, त्याचं टोक बांगड्यांखालून वर ओढून घेतलं आणि वरून साबणाचं पाणी सोडलं. एकेक बांगडी रबरावरून सरकवत काढू लागल्या. आत वॉर्डात कुणीतरी सारखं खोकत होतं. शेवटची बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. सिस्टर थांबल्या... मला वाटलं, आता वाढणार.

"हाताकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. श्वास सोड."

मी त्यांच्याकडे बघायला गेले, तर नजर त्यांच्या बोटावर पडली. अंगठीच्या जागी पांढरा वळ होता. त्या म्हणाल्या, "माझी तर निघेचना. कॅज्युअल्टीत कापून घेतली. नवरा मेला नाही गं, नुसता भांडला." मला रडता रडता हसू आलं, हात सैल पडला आणि बांगडी अख्खी त्यांच्या हातात आली.

त्यांनी सगळ्या बांगड्या बँडेजच्या पट्टीत ओवून खिळ्याला लावल्या. ड्युटी संपल्यावर परत दारात उभ्या. "तोंडाला हात नको! घाई करू नको, किट काढतानाच आजार लागतो." किट उतरलं, आंघोळ झाली, मग पुन्हा नवा ग्लोव्हज चढवून त्यांनी बांगड्या माझ्या हातात घातल्या. म्हणाल्या, "दारातून त्याला आवाज जाऊ दे."

त्या दिवशी बाहेरच्या नळावर पुन्हा अंग धुऊन मी पडवीत आले. आतून यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोन हाय?" मी नुसता हात हलवला. "आलीस," हे म्हणाले. मग रोजच तसं. साथ सरली, पण ही सवय राहिली. यांना तो आजार शिवला नाही.

सिस्टरना निरोप द्यायला मी चर्चमध्ये गेले होते. त्यांचे हात छातीवर जुळवलेले, बोटांत जपमाळ. अंगठी त्यांनी परत जोडून घेतली नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या होत्या, "राहू दे, परत एखादी साथ आली तर?" वळ मात्र बुजून गेला होता...

घरी आले, नळावर हातपाय धुतले आणि पडवीत टेकले. आतून आवाज आला, "कोन हाय?" माझा हात हलेना. हे पुन्हा म्हणाले, "कोन हाय गं?" त्या आवाजात पहिल्या दिवसाचीच भीती होती.

मी हात हलवला.